एकच गोष्ट, दोन तोंडांतून

सोलापूरहून आल्यापासून वस्तीवरच्या बायका विचारतात, काय काय बघितलं. मी त्यांना देवळाभोवतीचं तळं सांगते, पापडासारखी मोडणारी कडक भाकरी सांगते, लेकीच्या अंगावरचे फुलांचे दागिने सांगते. त्या ऐकतात आणि खूश होऊन घरी जातात. राहिलेलं कुणाला सांगता येत नाही, म्हणून ते लिहून काढते आहे. लिहिताना तरी कुणी तोंडाकडे बघत नाही.

निघताना

माझी लेक शीतल सोलापुरात दिली आहे. तिला सातवा महिना लागला आणि सासरच्यांनी डोहाळजेवणाला बोलावलं. आमच्या मालकांना उसाच्या पाण्याची पाळी सोडून येणं जमेना. म्हणून माझा धाकटा भाऊ दत्तू बरोबर आला. तो ट्रॅक्टर चालवतो. मामा म्हणून हिरवी साडी आणि चोळी त्यानं स्वतः माळशिरसला जाऊन निवडली. दुकानदाराला म्हणाला, "भाचीचे सासरे हेडमास्तर व्हते. साडी बगूनच चाट पडलं पायजेत ते." वर गुळाची ढेप घेतली, चुरमुऱ्यांची पिशवी घेतली.

आमच्याकडे अशा कार्याला मामाचा मान मोठा. ओटी भरून झाली की मामाला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, टॉवेल-टोपी द्यायची. ते झालं नाही तर कार्य झालं असं कुणी म्हणत नाही. दत्तूला स्वतःची लेक नाही. शीतलच्या लग्नातही तो तिच्या पाठीशी उभा राहून माझ्यापेक्षा जास्त रडला होता. बारशाला पाळणा आपणच घेणार, हेही त्यानं बसमध्येच ठरवून टाकलं.

सोलापूर

शीतलचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे. मागच्या बाजूला विणकरांची घरं. तिथं दिवसभर माग चालतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मळणीयंत्र चालू आहे. नंतर तो आवाज ऐकूही येईनासा होतो, आणि बंद पडला की माणूस दचकतं.

आम्ही पोचलो तर दार बंद. आमच्याकडे दिवसा दार लावलं तर लोक विचारायला येतात, कोण आजारी आहे का. दत्तूनं फाटकातूनच, शेताच्या पलीकडे हाक मारावी तशी हाक मारली, "शीतलऽऽ ए शीतल!" समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. सर स्वतः बाहेर आले. माझ्या व्याह्यांना सगळेच सर म्हणतात, गल्लीतले, भाजीवाले, त्यांची सूनसुद्धा. ते हसून म्हणाले, "अहो मामा, बेल आहे दाराला. सरकारनं वीज दिली आहे आता."

दत्तूही हसला. मला मात्र पायाखालची फरशी बघत राहावंसं वाटलं. माझं हे नेहमीचं आहे. चार माणसांत गेलं की मला आपल्या सगळ्यांचेच हात-पाय मोठे वाटायला लागतात.

सरांचं बोलणं ऐकत बसावं असं. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. दत्तू त्यांच्यासमोर मांडी घालून बसला आणि ऐकता ऐकता त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आक्का, मानूस न्हाय हा, रेडिओ हाय."

संध्याकाळी मागच्या गल्लीतली अंबक्का आली. अंबक्काचं घर तेलुगू बोलणारं. घरात चादरींचा माग, नवरा आणि ती दोघं मिळून चालवतात. शीतलला या शहरात पहिली मैत्रीण तीच मिळाली. शीतलला उलट्या होत होत्या तेव्हा ही रोज चिंचेचं आंबट सार आणि भात घेऊन यायची. त्या दिवशीही डबा होता. मी एक घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, इतकं झणझणीत.

"तुमच्याकडं असं न्हाय करत?" अंबक्कानं विचारलं.

"आमच्याकडं आमटी. गोडसर असती जरा."

"मग लेकीला हितं दिलं ते बरं केलं की," ती म्हणाली, "तुमच्याकडं पोटात बाळ झोपूनच राहिलं असतं."

आम्ही तिघी खूप हसलो. माझ्यासारखीला नवीन बाईशी बोलायला दोन दिवस लागतात. तिच्याशी बोलायला एक डबाही रिकामा व्हावा लागला नाही.

डोहाळजेवण

दुसऱ्या दिवशी दारात मांडव होता. झोपाळ्याला झेंडू आणि मोगरा गुंडाळलेला. शीतलला फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. आमच्याकडे मामा सोडला तर हे बायकांचं कार्य. इथं पुरुषांच्याही पंगती होत्या, सरांचे जुने सहकारी आले होते, कुणी वकील, कुणी साहेब. दत्तूला सरांनी आपल्या शेजारी बसवलं. तो ताठ बसला होता, आणि शेंगापोळी चमच्यानं खायची की हातानं, म्हणून इकडे तिकडे बघत होता.

मी आणि अंबक्का वाढत होतो. ती तूप घेऊन पुढे, मी भात घेऊन मागे.

तेव्हा सरांनी ती गोष्ट सांगितली. विणकर लोकांवरची. त्यांच्या बोलण्यावर, त्यांच्या खाण्यावर, आणि शेवटी त्यांच्या बायकांवर. ती गोष्ट मी इथं लिहीत नाही. लिहिली तर आणखी एकदा सांगितल्यासारखं होईल. सरांनी सावकाश सांगितली, आवाज बदलून, मध्ये थांबून. शेवटचा शब्द येताच सगळी पंगत हसली. वकील म्हणाले, "सर, तुम्ही नाटकात जायला हवं होतं."

अंबक्का तुपाची वाटी घेऊन तिथंच होती. सर तिला म्हणाले, "अंबूबाई, राग नाही ना? गंमत हो."

"राग कसला, सर," ती म्हणाली. हसलीसुद्धा. पुढच्या ताटात तिनं तूप वाढलं.

आणि मी हसले. पदर तोंडाला लावून हसले. गोष्ट मला आवडली होती असं नाही, अर्धी कळलीही नव्हती. पण सगळे हसत होते आणि मी एकटी भाताचं भांडं धरून उभी होते. न हसणारी बाई सगळ्यांना दिसते. झोपाळ्यावर बसलेली माझी लेक तेवढी हसली नाही. ती बांगड्या मागेपुढे करत होती.

जेवणं झाली. ओटी भरायला सुरुवात झाली. एका ताटात मामाची टॉवेल-टोपी काढून ठेवली होती. फोटोवाला सगळ्यांना हसा, हसा म्हणत होता आणि कुणी हसत नव्हतं. दत्तू आनंदात होता. त्याला वाटलं आपण हसवावं. तो झोपाळ्याजवळ उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता मी सांगतो बगा एक."

त्यानं तीच गोष्ट सांगितली. शब्दाला शब्द तीच. ट्रॅक्टरच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज गल्लीपर्यंत गेला, एवढाच फरक. शेवटचा शब्द बोलून तो स्वतःच हसला आणि हसायला कोण येतंय म्हणून बघत राहिला.

कुणीच आलं नाही. साहेबांच्या बायकोनं "शी" केलं. अंबक्काच्या हातात ओटीचे तांदूळ होते. ते तिनं ताटात परत टाकले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ती मागच्या दारानं निघून गेली.

सर उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मामा, हे सुसंस्कृत माणसांचं घर आहे. इथं कुणाच्या जातीवर, कुणाच्या बायकामाणसांवर असलं बोललेलं चालत नाही."

दत्तू गोंधळला. "पर सर... मगाशी तुमीच की..."

"विषय वाढवू नका. त्या बाई रडत गेल्या, दिसलं ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंनीही, जावयांनीही. त्या क्षणी मी जे केलं ते मला अजून अंगावर पाल पडावी तसं आठवतं. मी भावाला म्हणाले, "दत्तू, तुला अक्कल हाय का न्हाय? चार शहाण्या मानसांत लाज आनलीस माजी." आणि सरांना हात जोडून म्हणाले, "अडाणी आहे तो, सर. शेतातला माणूस. पदरात घ्या."

दत्तूनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग चपला पायात घातल्या, त्याही उलट्या, आणि फाटकाबाहेर गेला. पाटावर कुणी बसलं नाही. टॉवेल-टोपी ताटातच राहिली. संध्याकाळी सर विहीणबाईंना सांगत होते ते मी ऐकलं, बारशाला त्यांना बोलावू नका, असल्या माणसांमुळे गल्लीत तोंड दाखवता येत नाही.

भांडी विसळताना मी शीतलला हळूच म्हणाले, "अगं, पण सरच आधी..."

"आई," ती म्हणाली, "मला इथं राहायचंय."

मागची गल्ली

सकाळी उठून मी अंबक्काकडे गेले. माग चालू होता. तिचा नवरा चादर विणत होता, लाल आणि काळी, आणि ती खाली बसून सुटलेले धागे गाठत होती. मला बघून तिनं नवऱ्याला तेलुगूत काही म्हटलं. त्यानं माग थांबवला आणि तो बाहेर गेला.

मी म्हणाले, "माझ्या भावाचं चुकलं. तो मनानं वाईट नाही."

तिनं मला चटई दिली. हातातला धागा गाठून टाकला. मग म्हणाली, "ते मला ठाऊक हाय की. काल ते बोलायच्या दोन तास आदी माज्याकडून दोनदा शेंगाची चटणी मागून घेतली त्यांनी, आमच्या गावाकडं न्यायची म्हणत हुते."

"मग तू रडलीस..."

"सर सांगितले तवा रडून कसं चालंल?" ती म्हणाली. "माज्या पोराला शाळेत घेत नव्हते, तवा सरांनी शब्द टाकला. उद्या परत त्यांच्याच दारात जायचं हाय मला. सर ती गोष्ट दर कार्यात सांगतात. दर खेपेला मी हासते. काल तुमचा भाऊ सांगितला. त्याच्यासमोर रडायला परवडतंय ओ. म्हणून सगळं रडून घेतले."

मी म्हणाले, "मीपण हसले होते."

"बगितले मी," ती म्हणाली.

ती "असू दे" म्हणेल असं मला वाटत होतं. आमच्याकडे माफी मागणाऱ्याला असू दे म्हणण्याची रीत आहे. ती काही तसं म्हणाली नाही. चहा दिला, आणि माझा भाऊ कुठं गेला असेल ते विचारलं. मी म्हणाले, वळसंगला असेल, कारखान्याला ट्रॅक्टर चालवायचा तेव्हापासूनचा त्याचा एक दोस्त आहे तिथं, शिवप्पा नावाचा. फोन तर बंद होता. तीच मला रिक्षात घालून स्टँडवर घेऊन आली आणि अक्कलकोटच्या गाडीत बसवून दिलं. कंडक्टरला म्हणाली, "ह्यांना वळसंगला उतरवा बरं का, ह्या विचारायच्या न्हाईत."

वळसंग

सोलापूर सुटलं की जमीन काळी होत जाते. आमच्याकडे जिकडे तिकडे ऊस, उसाच्या पलीकडचं दिसत नाही. इथं लांबपर्यंत सपाट, ज्वारी काढून नेलेली, कडब्याच्या गंजी, आणि वाऱ्याला अडवायला काही नाही. अंबक्कानं एवढं सांगूनही एक दुसरीच बाई उतरली, तिच्यामागे मीही आधीच्या फाट्यावर उतरले. गाडी निघून गेल्यावर कळलं. उन्हात बांधाबांधानं चालले. एका शेतात एक म्हातारी शेण थापत होती. मी शिवप्पाचं घर विचारलं. ती कानडीत बोलली, मी मराठीत. तिला शिवप्पा एवढाच शब्द कळला आणि मला तिचा हात कळला, कारण शेणाचा हात पदराला पुसून तिनं माझं मनगट धरलं आणि वेशीपर्यंत आणून सोडलं.

दत्तू शिवप्पाच्या ओसरीवर बसला होता. शिवप्पाच्या बायकोनं लगेच भाकरी, पालेभाजी आणि कांदा आणून ठेवला. कोण, कुठली, काही विचारलं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवलो, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"घरी चल," मी म्हणाले.

"कुनाच्या घरी?"

"दत्तू."

"मास्तरनं सांगितलं तर इनोद. मी सांगितलं तर घान. व्हय ना आक्का?" तो म्हणाला. "अंबक्काचं मला वाईट वाटतंय. तिच्या पाया पडतो मी. ती बाई मला चटणी बांदून देनार हुती. पर मास्तरची माफी कशाची मागू?"

"मग तू सांगितलीसच कशाला ती गोष्ट? तुला कळत न्हाय, कुनावर काय बोलावं?"

त्यानं भाकरी खाली ठेवली. "मला पयल्यांदा बरं वाटलं न्हाय ती आयकून. मी म्हनलं, ही बाई समोर हाय, आनि हे असं? म्हनून मी तुज्याकडं बगितलं. तू हासत हुतीस. मी म्हनलं, आक्का हासतीया म्हंजे हितं चालत आसंल. शेरात आसंच आसंल."

शिवप्पाच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

लहानपणी कुणाच्या दारात जायचं, कुणाच्या घरी पाणी प्यायचं, देवळात कुठं उभं राहायचं, हे सगळं दत्तूनं माझ्याकडे बघून केलं. आई शेतात असायची, त्याला मीच मोठं केलं. चाळिशी उलटली तरी त्याची सवय गेली नाही, आणि माझ्या ते ध्यानात राहिलं नाही.

मी त्याला सांगितलं, आपण परत जाऊ. अंबक्काकडे जाऊ. मग सरांना मी स्वतः सांगते की गोष्ट तुमची होती आणि हसलेली मी होते. दत्तू म्हणाला, "तू बोलशील?" मी म्हणाले, "बोलते." गाडीत बसेपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते. माझं मलाच खरं वाटत होतं.

परत सोलापुरात

अंबक्काच्या दारात दत्तू आत गेला नाही. उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकले. ती घाईनं उठली, "मामा, आसं करू नका ओ, पोरं बगतात." तिच्या नवऱ्यानं माग थांबवून त्याचा हात धरला आणि त्याला आत घेतलं. चहा झाला. तिनं चटणीचा पुडा बांधून दिला. माझ्याशी मात्र ती पहिल्या संध्याकाळसारखी हसून बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग आम्ही सरांच्या दारात गेलो. या वेळी दत्तूनं बेल वाजवली.

सर पेपर वाचत होते. विहीणबाई आणि शीतल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दत्तूला त्यांनी बसा म्हटलं नाही, मला म्हटलं. मी बसले नाही. वाक्य जिभेवर होतं. "सर," मी म्हणाले.

"विहीणबाई, तुम्ही काही बोलू नका," सर मला म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता. "मी रात्रभर विचार केला. मामांचा दोष नाही. शिक्षण नाही, संस्कार करणारं कुणी नाही, तर माणूस काय बोलेल? कानावर पडेल ते बोलेल. आपणच समजून घ्यायचं. मी मनावर घेत नाही. बारशाला त्यांनी यावं. पाळणा मामांचाच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरोबर ना?"

संस्कार करणारं कुणी नाही. त्याला वाढवणारी मी समोर उभी होते.

शीतलचे डोळे माझ्यावर होते. एक हात पोटावर. दत्तूही माझ्याकडे बघत होता, लहानपणी बघायचा तसा, आता काय करायचं म्हणून.

मी म्हणाले, "बरोबर आहे, सर. उपकार झाले."

विहीणबाईंनी आतून पाट आणला. दत्तूला बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. सरांनी स्वतः टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. दत्तू त्यांच्या पाया पडला. शीतलचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तेवढ्यासाठी मी ते केलं असं म्हणता येईल. कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन. पण मला माहीत आहे की शीतल तिथं नसती तरी माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नसतं.

घरी

बसमध्ये मला वाटलं, दत्तू आता विचारेल, तू बोलनार हुतीस त्याचं काय झालं. मी उत्तर जुळवत बसले. त्यानं काही विचारलं नाही. चटणीचा पुडा उघडून वास घेतला, परत बांधला. मग म्हणाला, "आक्का, मास्तर मोठ्या मनाचा मानूस हाय बग. दुसऱ्यानं उंबऱ्यावर उबं केलं नसतं. चूक माजीच हुती. आपल्याला बोलायची रीत न्हाय."

"दत्तू," मी म्हणाले.

"काय?"

"काय नाही."

माझ्या भावाला वळसंगच्या ओसरीवर जे स्पष्ट दिसत होतं, ते माझ्या एका शब्दानं पुसलं गेलं. राग गेल्यामुळे तो हलका झाला होता. झोपलाही लगेच, माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

बारसं अजून लांब आहे. तो रोज संध्याकाळी वस्तीवर येतो. पाळणा सागवानी घ्यायचा की शिसवी, हे विचारून झालं आहे. आता नवीन विचारतो, सरांसाठी काय न्यावं. एवढ्या मोठ्या माणसाला शोभेल असं काहीतरी सांग, म्हणतो, तुला कळतं त्यातलं.